तुरटीचे अकरा फेरे

माझी बायको कशाने गेली याचा शोध तिच्या भावाला दाढी करताना लागला. ती जाऊन आठ महिने झाले होते. तीन डॉक्टरांना जे सांगता आलं नाही ते याला आरशात दिसलं. गालाचा फेस तसाच ठेवून त्याने मला फोन लावला.

"भाऊजी, बसला आहात ना?"

"बसलोय. बोल."

"ताईला अ‍ॅल्युमिनियमने खाल्लं."

"काय?"

"अ‍ॅल्युमिनियम! काल एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून डोक्यात घोळत होतं. आत्ता एकदम उजेड पडला. मेंदूत जाऊन बसतं ते. माणूस विसरायला लागतो. ताई विसरायला लागली होती की नाही?"

"लागली होती."

"मग? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

हे तो आरशासमोर उभा राहून म्हणत होता.

माझ्या या मेहुण्याला बायको धाकट्या म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. वय एकसष्ट. दारातून आधी पोट येतं, मग मत येतं, शेवटी तो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत तो तीस वर्षं मृत्यूच्या खिडकीवर बसला. लोक डॉक्टरचा कागद आणून देत आणि हा त्यावरचं मरणाचं कारण रजिस्टरात उतरवून घेई. दुसऱ्याचं अक्षर तीस वर्षं उतरवलं की माणूस आपोआप डॉक्टर होतो, असं त्याला वाटतं. "चाळीस हजार मरणं माझ्या हाताखालून गेली आहेत," असं तो कुणालाही सांगतो. नवीन माणूस दोन पावलं मागे सरकतो.

एरवी मी त्याचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण अ‍ॅल्युमिनियम म्हणजे मी. तुरटीच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली. टाकीत अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी टाकायची, तिच्यावर गंधकाचं तेजाब सोडायचं, उकळून दाट झालं की जमिनीवरच्या चौकटींमध्ये ओतायचं. थिजलं की लाद्या घणाने फोडायच्या आणि पोती भरायची. आमची पोती शहरांच्या पाण्याच्या टाक्यांवर जात, कागदाच्या गिरण्यांत जात, कापड रंगवणाऱ्यांकडे जात. पलीकडच्या शेडमध्ये दह्यासारखा पांढरा लगदा बनवत. तो पिंपांतून औषधवाल्यांकडे जाई, पोटातली जळजळ शमवायच्या औषधासाठी. त्या शेडमधले लोक पांढऱ्या टोप्या घालत आणि आमच्याकडे असं बघत, जणू ते दवाखान्यात कामाला आहेत आणि आम्ही खाणीत.

भुकटी सगळीकडे बसायची. भुवयांत, कानात, डब्याच्या झाकणावर. बायकोने लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नियम घातला होता. कारखान्याचे कपडे दाराशी उतरवायचे, ते वेगळ्या बादलीत जातील, आणि आंघोळ झाल्याशिवाय घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. तिच्यासकट. "तुमच्याशी दोन शब्द बोललं तरी तोंड तुरट होतं," असं ती म्हणायची. ती बादली तिनेच चौतीस वर्षं धुतली. म्हणजे ती भुकटी कुणाच्या हाताला लागली, हे कळायला रजिस्टर नको.

धाकट्याचा फोन आला तेव्हा मी स्पीकरवर बोलत होतो, कारण माझा डावा कान कारखान्यातच राहिला. मुलगी समोर बसली होती, मांडीवर माझी साडेतीन महिन्यांची नात. मुलगी बाळंतपणासाठी आली ती इथेच राहिली. जावई जहाजावर असतो. त्याला काही विचारलं की तिकडून एकच उत्तर येतं, "तू ठरवशील ते." त्यामुळे ठरवायचं सगळं तिच्या एकटीवर.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "लसीतसुद्धा अ‍ॅल्युमिनियम असतं म्हणे."

"असतंच!" फोनमधून धाकट्या ओरडला. "वाच म्हणावं! बाटलीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आधी आई गेली, आता लेकराला टोचा!"

नातीची पहिली लस दीड महिन्याची असतानाच द्यायची होती. तेव्हा तिला ताप होता, पुढच्या तारखेला जुलाब, म्हणून राहिली. मग नर्सबाईंनी येत्या बुधवारची तारीख दिली होती आणि कार्डावर लाल शाईने दोनदा गोल केला होता. त्या आठवड्यात आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक पोर डांग्या खोकल्याने काळंनिळं होऊन दवाखान्यात गेलं होतं. जिन्यात त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता.

"बुधवारी नाही न्यायची तिला," मुलगी म्हणाली. "आधी मामा काय सांगतो ते नीट ऐकू."

मला ओरडायला हवं होतं. मी गप्प बसलो. कारण तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि तिला जे विचारायचं होतं ते मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन हजर. रविवारी इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्याने व्याख्यान ठेवलं होतं. विषय, 'स्वयंपाकघरातला खुनी'. त्यासाठी त्याला खुनाची हत्यारं हवी होती.

"ताईची भांडी द्या," तो म्हणाला. "लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"ती भांडी आहेत, धाकट्या. हातबॉम्ब नाहीत."

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही त्यातच आयुष्य काढलंत."

मुलीने कपाट उघडून दिलं. दुधाचं पातेलं, भाताचं पातेलं, झाकण्या, मोठी किटली, सगळं पिशवीत गेलं. मी आत जाऊन चहाचं पातेलं उशीखाली लपवलं. एका बाजूला पोचा आलेलं, कान तुटलेलं, चिमट्याने धरायचं पातेलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस उशीखाली भांडं लपवतो, यावर बायकोने आठवडाभर हसून घेतलं असतं.

"भाऊजी, एक कमी आहे," बाहेरून आवाज आला. मृत्यूच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला काय कमी आहे ते बरोबर कळतं. तो खोलीत आला, उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं करू नका. तुम्हाला त्रास होतोय ते समजतं मला."

आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत त्याने पातेलं काढून घेतलं.

जाण्याआधी त्याने चहा मागितला. कशात करू, असं मी विचारलं, तर म्हणाला, स्टीलमध्ये करा. चहा पिऊन झाल्यावर त्याने छातीवर मूठ आपटली, एक ढेकर दिला आणि खांद्यावरच्या पिशवीतून पांढरी बाटली काढली. बूचभर औषध घशात ओतलं. मग आणखी बूचभर. ही बाटली त्याच्याबरोबर वीस वर्षं फिरते आहे. त्यात काय असतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पलीकडच्या शेडमधला तोच दह्यासारखा लगदा. बायकोलाही माहीत होतं. "त्याला सांगू नका हं," ती म्हणायची, "नाहीतर तो आपल्यालाच दहा दिवस समजावून सांगेल." म्हणून वीस वर्षं आम्ही दोघं त्याला अ‍ॅल्युमिनियम पिताना बघत होतो आणि एकमेकांकडे न बघता हसू आवरत होतो.

आता आवरायला मी एकटाच होतो. काही जमलं नाही. हसू आलंच नाही.

रविवारी हॉल भरला. आमच्या इमारतीत लोकांना मरणाच्या कारणांची भारी आवड. पहिल्या रांगेत कोपऱ्यावरचा न्हावी, त्याच्या शेजारी निवृत्त शिक्षिकाबाई वही उघडून. मागच्या दाराजवळ मी. मुलगी नातीला घेऊन मधल्या रांगेत बसली होती. टेबलावर पांढरी चादर घालून तिच्यावर माझ्या बायकोची भांडी मांडली होती, पोलीस पंचनाम्याला मांडतात तशी. चहाचं पातेलं सगळ्यात पुढे.

धाकट्या अर्धा तास बोलला. अ‍ॅल्युमिनियम कढईत आहे, डब्यात आहे, घामाचा वास घालवायच्या कांडीत आहे, गोळ्यांत आहे, लसीत आहे. यातलं बरंचसं खरंच होतं, ही त्याच्या बोलण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. शेवटी त्याने आवाज खाली आणला.

"माझी ताई. हाताने मला वाढवलं तिने. शेवटी मला विचारायची, तुम्ही कोण?"

शिक्षिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. हे खरं होतं. त्याला विचारायची आणि मलाही विचारायची. फक्त मी याचं व्याख्यान केलं नव्हतं.

मग त्याने टेबलाखालून एक डबा काढला.

"घाबरू नका! विष आहे तिथे निसर्गाने उताराही दिला आहे." डब्यात हात घालून त्याने पांढरा, काचेसारखा खडा वर धरला. "तुरटी! आपल्या आजी-पणजीची तुरटी. ही पाण्यातला गाळ ओढून तळाशी बसवते, की नाही? तशीच ही शरीरातलं अ‍ॅल्युमिनियम ओढून काढते. आज प्रत्येकाला एक खडा."

मला आधी वाटलं, माझ्या डाव्या कानाने घोटाळा केला. मी उजवा कान पुढे केला. पण तो तेच म्हणत होता. लोक उठून खडे घेऊ लागले.

न्हावी म्हणाला, "मग मी गिऱ्हाइकाच्या गालाला रोज हीच चोळतो, ते चांगलं ना?"

"उत्तम! तू नकळत समाजसेवा करतोस."

न्हाव्याची छाती फुगली. शिक्षिकाबाईंनी पेन सरसावलं. "पाण्यात किती फिरवायची?"

"जितकी जास्त तितकी चांगली," धाकट्या म्हणाला.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं, पण पाय उठले.

"धाकट्या, तुरटी कशाची असते?"

"तुरटी तुरटीची असते, भाऊजी. लिंबू लिंबाचं असतं तसं."

हॉल हसला.

"तुरटी अ‍ॅल्युमिनियमची असते," मी म्हणालो. "चौतीस वर्षं केली आहे मी. ज्याच्या नावाने तू भांडी मांडलीस, तेच तू वाटतो आहेस. भांड्यातून जितकं सुटतं त्याच्यापेक्षा हा खडा फिरवून पोटात जास्त जाईल."

"भाऊजी, अ‍ॅल्युमिनियम धातू आहे. चमकतो. ही तुरटी आहे. चमकते का?"

कुणीतरी खडा उजेडात धरून बघितला. "नाही चमकत."

"झालं!" धाकट्या म्हणाला.

"त्यात नुसतं अ‍ॅल्युमिनियम नसतं, त्याचं मीठ असतं. पाण्याच्या टाकीवर आमची पोती जायची. आत्ता तुम्ही सगळे नळाचं जे पाणी पिऊन आलात तेही त्यानेच निवळलेलं. मोजून घातलं तर गाळाबरोबर जवळजवळ सगळं खाली बसतं आणि वर पाणी स्वच्छ राहतं. प्रमाणाबाहेर घातलं तर नाही. जितकी जास्त तितकी चांगली, असं नसतं ते."

"आपल्या आजी-पणजी काय वेड्या होत्या?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"नव्हत्या. मोजून फिरवायच्या."

"भाऊजी, बसा," धाकट्या मऊ आवाजात म्हणाला आणि मग लोकांना समजावल्यासारखा, "आठ महिने झालेत. अजून सावरले नाहीत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या नजरेत कीव होती. माणूस खरं बोलतो आहे अशी शंका आली तरी चालते, पण त्याची कीव आली की त्याचं काही ऐकावं लागत नाही. मी शेवटचा डाव टाकला. पुढे गेलो, त्याच्या खुर्चीवरच्या पिशवीतून पांढरी बाटली काढली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड."

धाकट्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. वीस वर्षं एका बाटलीबरोबर संसार केला आणि आता तिचं माहेर कळलं, असं काहीतरी. मग त्याने बाटली माझ्या हातातून घेतली.

"ते औषधातलं आहे. औषधातलं वेगळं असतं."

"आणि लसीतलं?"

"लसीतलं लसीतलं असतं!"

लोकांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी घडा निदान ओला होतो. इथे तेही नाही. न्हावी उठला आणि त्याने बहिणीसाठी म्हणून आणखी एक खडा मागून घेतला. मी टेबलावरून चहाचं पातेलं उचललं आणि चालू लागलो. "भाऊजी, ते पुरावा आहे!" असं मागून ऐकू आलं. ते डाव्या बाजूने आलं, म्हणून मी ऐकलं नाही.

घरी येऊन मी चहा टाकला. थोड्या वेळाने मुलगी आली. तिच्या हातातही एक खडा होता. तिने तो ओट्यावर ठेवला, नातीला पाळण्यात घातलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मामा म्हणतो, हिच्या आंघोळीच्या पाण्यात रोज फिरव."

"बरं."

"बाबा, त्याच्यात खरंच तेच असतं?"

"खरंच."

मग ज्याला मी घाबरत होतो ते तिने विचारलं. "आईला तुमच्या कारखान्याने मारलं का?"

मी गॅस बंद केला. हे मी स्वतः तीन डॉक्टरांना विचारलं होतं. एक म्हणाला, तसं काही सिद्ध झालेलं नाही. दुसरा म्हणाला, वय असतं, घराण्यात असतं, कशानेही होतं. तिसऱ्याने विचारलं, "तुम्हीही त्याच धुळीत होतात ना? मग तुम्हाला का नाही झालं?" मी त्याला म्हणालो, ते मलाही विचारायचं होतं, पण कुणाला विचारू ते कळत नाही. त्याने मला पाणी दिलं.

"माहीत नाही," मी मुलीला म्हणालो. "डॉक्टर नाही म्हणतात. मला वाटतं, त्यांचं बरोबर असावं. पण ती बादली ती धूत होती, मी नाही. ते माझ्या मनातून जात नाही."

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"कुणाशी बोलू? जिच्याशी बोलायचो ती नाही."

मुलगी खाली बसली. ओट्यावरचा खडा हातात घेऊन तो बोटांत फिरवू लागली, तिची आई फिरवायची तसाच.

"ती अकरा फेरे फिरवायची," मुलगी म्हणाली. "गढूळ पाणी आलं की. मोठ्याने मोजायची. मीही मोजायचे."

"हो. सहा जोरात, पाच हळू. मग हात लावायचा नाही. पाणी आपलं आपण बसतं, म्हणायची. कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची सहा भांडी आणि मशीन लावून आम्ही जे ठरवायचो ते ती एका हाताने करायची. आधी जोरात, मग हळू, मग गप्प." मी चहा गाळला. "ती विसरायला लागली, ते मला तिच्या चहावरून कळलं."

"म्हणजे?"

"एक दिवस चहा तुरट लागला. दुसऱ्या दिवशी जास्त. मग एकदा बघितलं, तर ही पिंपापाशी उभी राहून मोजते आहे. सात, आठ, सहा, सात, चार. खडा निम्म्याने विरघळला होता. किती फेरे झाले ते तिला कळत नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरायची."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिचा खडा लपवून साखरेचा खडा ठेवला. तोही फिरवायची. चहा गोड व्हायला लागला. पण ते नंतर. त्याआधी दोन महिने तुरटच प्यायलो."

"तुरट चहा? दोन महिने?"

"तिने केला होता."

मुलीने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडेल. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि काहीतरी जुळवत होती. माझी मुलगी माझ्यावर गेलेली नाही, तिच्या आईवर गेली आहे. तिला क्रम नीट लागतो.

"बाबा, थांबा. आधी काय झालं? आधी तुरटी जास्त झाली की आधी ती विसरली?"

"आधी विसरली. विसरली म्हणूनच तुरटी जास्त झाली."

"नक्की?"

"त्याच्या आधी वर्षभर ती दूध गॅसवर ठेवून जिना उतरायची. तुझ्या लग्नाची तारीख मला दोनदा विचारली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही."

पाळण्यातून नातीचा आवाज आला आणि नेमका त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरून तो खोकला. ते पोर घरी आलं होतं, पण खोकला अजून त्याच्या छातीतून बाहेर पडायला तयार नव्हता. एक लांब, आत ओढलेला श्वास, आणि मग काहीच नाही, आणि मग पुन्हा.

"आईची मधली बहीण घटसर्पाने गेली ना?" मुलगी म्हणाली.

"चार वर्षांची होती. धाकट्या तेव्हा पाळण्यात होता. त्याला काय आठवणार! तुझ्या आईला मात्र शेवटपर्यंत तिच्या श्वासाचा आवाज आठवत होता. माझं नाव विसरली, पण तो नाही. म्हणून तुझ्या लसीच्या दिवशी ती पहाटे उठून रांगेत पहिली उभी राहायची. घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस एकाच सुईत असते."

"आणि त्या सुईत अ‍ॅल्युमिनियम."

"असतं. चिमूटभर मिठाचा हजारावा भाग. नर्सबाईंनी मला सांगितलं होतं, ते नसलं तर शरीराला लसीचा पत्ताच लागत नाही. ते दार ठोठावतं, मग आतली माणसं उठतात."

"आणि तुमचं काय मत?"

"माझं मत? मी पोती भरणारा माणूस. मला एवढंच माहीत आहे की चिमूट म्हणजे पोतं नाही. अति तेथे माती हे खरं, पण म्हणून मुळीच नको म्हटलं तर पाणी गढूळच राहतं. तुला नाही न्यायचं तर मी ओढून नेणार नाही. पण मला विचारशील तर बुधवारी न्यावी. आणि तुझ्या आईला विचारशील, तर ती आत्तापासूनच रांगेत जाऊन उभी राहील."

मुलीने चहाचा पेला उचलून एक घोट घेतला आणि पातेल्याकडे बघितलं. "हा बरा झालाय," म्हणाली. मग तिने तो खडा उचलला आणि खिडकीबाहेर टाकायला हात उगारला.

"टाकू नकोस," मी म्हणालो. "दाढीला होईल."

बुधवारी आम्ही तिघं गेलो. धाकट्याने सकाळी दोनदा फोन केला. मुलीने उचलला नाही, आणि माझा कान डावा झाला. दवाखान्याच्या बाकावर आठ-दहा आया बसल्या होत्या, सगळ्यांच्या मांडीवर गाठोडी, सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. आमचा नंबर आला तेव्हा मुलीने नातीला माझ्या हातात दिलं.

"तुम्ही धरा. मला बघवणार नाही."

नर्सबाईंनी छोटी बाटली हलवली. आतलं पाणी दुधाळ झालं, आमच्या टाकीतलं पहिल्या उकळीला व्हायचं तसं, फक्त फार फार पातळ. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने मान न वळवताच विचारलं, "बाबा, हे तुमच्या कारखान्यातलं असेल का?"

"छे," मी म्हणालो. "आमचं इतकं स्वच्छ कधी नव्हतं."

तिला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ती हसत असतानाच सुई टोचली आणि नातीने असा टाहो फोडला की बाकावरच्या सगळ्या आया दचकल्या. चांगली भरदार छाती आहे पोरीची. कुठेही श्वास अडकत नव्हता.

नर्सबाईंनी कार्डावर तारीख टाकली आणि पुढच्या तारखेभोवती लाल गोल केला, या वेळी एकदाच.

घरी आलो तर धाकट्या दारात उभा. मुलीकडे बघितलं, नातीच्या मांडीवरच्या कापसाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता व्याख्यान. पण त्याने छातीवर मूठ धरली.

"भाऊजी," तो तोंड वाकडं करून म्हणाला, "घशात आग आग होतेय. परवापासून ते औषध घेतलं नाही."

"का रे?"

तो चपला काढून आत येऊन बसला. मी आत गेलो आणि चहा टाकला. पोचा आलेल्या पातेल्यातच. त्याने ते पाहिलं आणि पेला पुढे केला. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून पांढरी बाटली काढली, दोन्ही हातांनी धरून बारीक अक्षरात लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"घे," मी म्हणालो. "एक बूच. दोन नाही."